चार्पी टेस्ट: हॅमर सुटण्याआधीचं काम

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या धातू तपासणीच्या लॅबमध्ये नवी पार्टी आली की एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, आपल्याकडे धड शाल घ्यावी अशी थंडी पडत नाही, मग हे वजा सेहेचाळीस डिग्रीला पीस तोडण्याचं नाटक कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण प्रोपेन साध्या हवेच्या दाबाला वजा ४२ डिग्रीला उकळतो. दाबाखालचं भांडं किंवा पाइपलाइन एकदम मोकळी झाली, तर बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी धातू तिथपर्यंत गारठू शकतो. शिवाय रबाळ्यात वेल्ड झालेली सगळीच कामं काही रबाळ्यात उभी राहत नाहीत.

साधं कार्बन स्टील गार होत गेलं की एका टप्प्यात त्याचा चिवटपणा झपाट्याने उतरतो आणि ते ठिसूळ होतं. टेन्साइल टेस्टमध्ये हे कळत नाही, कारण तिथे गुळगुळीत पीस हळूहळू ओढतात आणि तो छान लांबतो. दगा देतात त्या तीन गोष्टी एकत्र आल्यावर: खाच, वेग आणि थंडी. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला शेनेक्टडी हे नवंकोरं टँकर जहाज शांत पाण्यात धक्क्याला उभं असताना मधोमध फुटलं. त्या काळात वेल्डिंग करून बांधलेल्या जहाजांचं असं बऱ्याच वेळा झालं आणि सगळा दोष वेल्डरच्या माथी मारला गेला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं की मूळ गोम पोलादातच होती, ते थंडीत ठिसूळ होत होतं. वेल्डिंगमुळे एवढंच झालं, की एका प्लेटमधली चीर थांबायला पूर्वीसारखा रिव्हेटचा जोड उरला नाही.

चार्पी टेस्ट या तिन्ही गोष्टी एका छोट्या पिसावर एकदम आणते: खाच पाडलेला, गार केलेला पीस झोक्याच्या हॅमरने एका फटक्यात तोडायचा आणि त्याने किती ज्यूल ऊर्जा खाल्ली ते मोजायचं. हे मी लिहितेय ते लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्या डिप्लोमावाल्या मुलामुलींसाठी आणि आमच्याकडे सॅम्पल पाठवणाऱ्या क्यूसीवाल्यांसाठी (क्वालिटी कंट्रोल). माझं मत आधीच सांगून टाकते: आकडा मशिनवर क्वचित बिघडतो. तो बिघडतो गॅस कटरवर, ब्रोचवर (खाच कापणारं दातेरी हत्यार) आणि पीस गार करणाऱ्या ड्राय आइसच्या, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, डब्यात. म्हणून मशिनबद्दल मी कमी बोलणार आहे.

तुकडा कुठून काढला

पहिला प्रश्न: रोलिंगची दिशा कुठली? प्लेट रोल होताना तिच्यातले मँगनीज सल्फाइडसारखे समावेश, म्हणजे पोलादात अडकलेले परके कण, लांबट होतात. पीस रोलिंगच्या दिशेने काढला तर चिरेला ते आडवे ओलांडावे लागतात. आडवा काढला तर चीर त्यांच्या बाजूबाजूने सुखाने पळते. एकाच प्लेटचे दोन दिशांचे आकडे त्यामुळे खूप वेगळे येऊ शकतात. स्पेक (कामाचं स्पेसिफिकेशन) लाँगिट्यूडिनल, म्हणजे रोलिंगच्या दिशेचा, पीस मागतंय की ट्रान्सव्हर्स, म्हणजे आडवा, हे वाचल्याशिवाय करवत लावायची नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेला सुटा तुकडा असेल तर पंचाईत होते. चौकोनी तुकडा, हीट नंबरचा (पोलाद भट्टीच्या ज्या ओतीतून आलं तिचा क्रमांक) पंच कापलेल्या भागात राहून गेलेला, दिशा कुणालाच माहीत नाही. अशा वेळी "लांबी जिकडे जास्त तिकडे रोलिंग" हा अंदाज चालत नाही, कारण ती लांबी गॅस कटरवाल्याने ठरवलेली असते. बाजूच्या दोन काटकोनातल्या कडांवरून छोटे मायक्रो पीस काढून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघा. समावेश ज्या कडेवर रेघेसारखे लांब दिसतात ती कड रोलिंगच्या दिशेची. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण नंतरचा वाद वाचतो. त्याहून सोपं म्हणजे प्लेट कापण्याआधीच हीट नंबर आणि बाण दोन्ही तुकड्यावर पंच करून घेणं. थर्ड पार्टी इन्स्पेक्टर असेल तर त्याच्यासमोर.

गॅसने कापलेल्या कडेजवळचं स्टील तापून बदललेलं असतं. मी पार्ट्यांना सांगते, ज्वाळेची कड आणि पीस यांच्यात निदान २५ मिमी ठेवा. पुढचं सगळं बँडसॉवर, भरपूर कूलंट सोडून. ग्राइंडरने घाईघाईत निळा पडलेला पीस आमच्याकडे आला तर मी तो परत पाठवते. पार्टी रागावते, रागावू दे.

प्लेटच्या पिसात खाचेची रेघ जाडीतून आरपार गेली पाहिजे, म्हणजे खाच पिसाच्या बाजूच्या अंगावर पडते, प्लेटच्या मूळ पाठीवर नाही. नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण पीस चारी बाजूंनी मशिन झाला की मूळ पाठ कुठली ते दिसतच नाही. आमचे मशिनिस्ट काका म्हणून मशिनिंगआधीच टोकाच्या अंगावर पाठीच्या बाजूला एक ठिपका पंच करतात. ओळख म्हणून नंबरही टोकांवरच टाकायचा. खाचेजवळ, हॅमर लागतो तिथे किंवा पिसाला दोन्हीकडे आधार देणाऱ्या अ‍ॅन्व्हिलला टेकतो तिथे पंच नको.

वेल्डच्या कूपनमध्ये, म्हणजे चाचणीसाठी वेल्ड केलेल्या तुकड्यात, खेळ आणखी नाजूक. वेल्ड मेटलचा तीन पिसांचा सेट सोपा, खाच वेल्डच्या मध्यावर. हॅझच्या (वेल्डशेजारच्या, उष्णतेने बदललेल्या पट्ट्याच्या) सेटसाठी पीस घासून नायटलने (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने) एच करा, फ्यूजन लाइन, म्हणजे वेल्ड आणि प्लेट यांची सीमा, उठून दिसली की तिथून स्पेकने दिलेलं अंतर मोजून रेघ मारा आणि मगच ब्रोचिंगला द्या. कोऱ्या पिसावर अंदाजाने हॅझ शोधणारे लोक मी पाहिलेत. साध्या व्ही ग्रूव्हमध्ये फ्यूजन लाइन तिरकी असते आणि खाच सरळ, त्यामुळे खाचेच्या तळाशी थोडं वेल्ड, थोडा हॅझ, थोडी मूळ प्लेट असं मिश्रण येतं. हॅझच्या तीन आकड्यांत एवढी तफावत का, याचं एक मोठं कारण हेच. पीक्यूआर (वेल्डिंगची पद्धत तपासून केलेली नोंद) करताना एक बाजू सरळ ठेवून जॉइंट बनवता आला, तर खाच हॅझमधून नीट जाते. हे कूपन वेल्ड करण्याआधी ठरवायचं असतं, लॅबमध्ये आल्यावर नाही.

खाच

पूर्ण मापाचा पीस ५५ मिमी लांब, १० बाय १० चौकोनी. मधोमध ४५ अंशांची व्ही खाच, खोली २ मिमी, म्हणजे खाचेखाली ८ मिमी धातू उरतो. तळाची गोलाई ०.२५ मिमी त्रिज्येची. आयएस १७५७ चा पहिला भाग, आयएसओ १४८ आणि एएसटीएम ई २३ या भारतीय, आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकन अशा तिन्ही स्टँडर्डांत ही मूळ मापं एकच आहेत. टॉलरन्समध्ये थोडे फरक आहेत, पण गोलाईला तिन्हीकडे फारशी माफी नाही: ०.०२५ मिमी इकडे किंवा तिकडे.

एवढा काटेकोरपणा का? कापडाचा दुकानदार आधी कात्रीने चीर देतो, मग टर्रकन फाडतो. ती चीर जेवढी अणकुचीदार, तेवढं फाडायला सोपं. खाचेचा तळ बोथट झाला की पीस जास्त ऊर्जा खातो आणि स्टील आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. खोली कमी पडली तरी तेच. झिजलेला ब्रोच हा असा लबाड असतो: तो नेहमी पार्टीच्या फायद्याचा आकडा देतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही आणि तो महिनोन्‌महिने तसाच चालू राहतो.

खाच कॅलिपरने तपासता येत नाही. प्रोफाइल प्रोजेक्टरवर ५० पट मोठी करून, पडद्यावरच्या टेम्प्लेटशी जुळवून बघायची. दोन रेघांच्या मध्ये सावलीची कड पूर्ण बसली पाहिजे, कोन, खोली, तळ सगळं. आमच्याकडे लॉटचा फक्त पहिला पीस बघून भागत नाही, शेवटचाही बघतो, कारण मधल्या पिसांवर ब्रोचचा दात तुटलेला असू शकतो. तळाशी खाचेच्या लांबीने जाणारा ओरखडा डोळ्यांना दिसला तर पीस बाद. एका पासमध्ये जास्त धातू ओढायचा हट्ट केला की असे ओरखडे येतात. वंगण तेल लावा, हात हळू ठेवा. हीट ट्रीटमेंट करायची असेल तर ती खाच पाडण्याआधी. ही ओळ लिहावी लागते, यावरूनच समजा.

प्लेट किंवा पाइप पातळ असला आणि १० मिमी रुंदी निघत नसली तर ७.५ किंवा ५ मिमी रुंदीचे सब-साइज पीस करायचे. उंची १० मिमी आणि खाच २ मिमी तशीच राहते, फक्त रुंदी घटते. पातळ पिसाला किती ज्यूल पुरेत ते ज्या त्या स्पेकच्या तक्त्यात बघायचं, मनाने गुणाकार करायचा नाही. आणि एक विसरली जाणारी गोष्ट: ५ मिमीचा पीस सपोर्टवर ठेवला की त्याचा मध्य अडीच मिलिमीटर खाली जातो. खाली २.५ मिमीची शिम (पातळ पट्टी) घाला, म्हणजे हॅमर पिसाच्या मध्यावर लागेल.

गारवा

इथे जास्तीत जास्त वाद होतात, म्हणून जरा सावकाश.

आधी 'रूम टेम्परेचर'चं बघू. आयएसओ १४८ मध्ये वेगळं तापमान दिलं नसेल तर २३ अधिक-उणे ५ डिग्री धरतात. म्हणजे २८ पर्यंत. एसी बंद असलेल्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांना ३४-३५ सहज असतं. नेमक्या बदलाच्या टप्प्यावरचं स्टील असेल तर हे वरचे सात डिग्री त्याला अलगद पास करून टाकतात. रूम टेम्परेचर म्हणजे ज्या रूममध्ये आपल्याला घाम फुटलाय ती रूम नव्हे. पीस पाण्याच्या बाथमध्ये ठेवून २३ ला आणा.

आयएस २०६२ (बांधकामाच्या पोलादाचं भारतीय स्टँडर्ड) च्या प्लेटसाठी बी ० प्रतीला शून्य डिग्री आणि सी प्रतीला वजा २० लागतं. शून्यासाठी बर्फ आणि पाणी पुरतं. त्याखाली मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये ड्राय आइस. ड्राय आइस स्वतः वजा ७८ च्या आसपास असतो, त्यामुळे ए ३५० एलएफ २ या थंडीतल्या कामाच्या फोर्जिंग स्टीलसाठी लागणारं वजा ४६ त्याने आरामात गाठता येतं. मोठा ढेकूळ एकदम टाकू नका, फसफसून सगळं बाहेर येतं. कुटून थोडा थोडा टाका, ढवळत राहा. अ‍ॅसिटोन पेट घेतो आणि ड्राय आइसमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो. खिडकी उघडी, आसपास ग्राइंडर बंद, हातमोजे आणि चष्मा. वजा १९६ ला लिक्विड नायट्रोजन लागतो, तो ९ टक्के निकेलच्या स्टीलला किंवा क्रायोजेनिक कामाच्या स्टेनलेसला. ३०४, ३१६ सारख्या स्टेनलेसमध्ये कार्बन स्टीलसारखा अचानक ठिसूळ होण्याचा टप्पा नसतो, म्हणून तिथे ज्यूलपेक्षा पीस बाजूंना किती फुगला ते बघतात. त्याबद्दल पुढे.

डब्यात जाळी ठेवा. पीस तळापासून किमान २५ मिमी वर आणि द्रवाच्या पृष्ठभागाखाली किमान २५ मिमी. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पिसांच्या शेजारी, कडेला चिकटलेलं नको. पीस टाकले की बाथ थोडा तापतो. तो परत वजा ४६ वर, एक डिग्रीच्या आत, स्थिर झाला की तिथून किमान पाच मिनिटं मोजायची. टाकल्या क्षणापासून नाही. द्रवाऐवजी गार हवेच्या किंवा वायूच्या चेंबरमध्ये ठेवत असाल तर किमान तीस मिनिटं, कारण वायू उष्णता हळू ओढतो.

चिमटासुद्धा त्याच बाथमध्ये, त्याच वेळी बुडालेला हवा. गरम चिमट्याने गार पिसाची नेमकी खाचेची जागा धरली की पाच मिनिटांची मेहनत दोन सेकंदांत वाया. टोकांना धरणारा, पीस आपोआप मध्यावर आणणारा चिमटा मिळतो, तोच वापरा.

पीस बाथबाहेर आल्यापासून पाच सेकंदांत हॅमर लागला पाहिजे. पाच सेकंद ऐकायला पुष्कळ वाटतात, पहिल्यांदा करताना पुरत नाहीत. म्हणून नव्या मुलांना मी आधी साध्या तापमानाच्या भंगार पिसांवर सराव करायला लावते: उचल, ठेव, मध्य साध, हात मागे, सोड. वेळ टळला तर लाजू नका, तोडू नका, पीस परत बाथमध्ये टाका आणि पाच मिनिटं पुन्हा मोजा.

आमच्याकडचा पावसाळा हा वेगळाच अध्याय. जुलैत खाडीवरून येणारी हवा इतकी ओली असते की चिमट्याच्या जबड्यावर आणि अ‍ॅन्व्हिलवर बघता बघता हिम धरतं. पीस हिमावर बसला की तो अ‍ॅन्व्हिलला नीट टेकत नाही. दर पिसाआधी जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. अ‍ॅसिटोनही ओलावा ओढतो. तो गढूळ आणि घट्टसर दिसायला लागला की बदलून टाका.

हॅमर आणि आकडा

३०० ज्यूलच्या मशिनचा हॅमर साधारण २० किलोचा असतो आणि दीड मीटरच्या आसपास उंचीवरून खाली येतो. पिसाला लागताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. पीस तोडून तो पलीकडे जेवढा कमी चढतो, तेवढी ऊर्जा पिसाने खाल्ली. एवढाच सगळा हिशेब.

सकाळी पहिलं काम म्हणजे पीस न ठेवता हॅमर सोडून बघायचा. काटा शून्यावर यायला हवा. बेअरिंगचं घर्षण आणि हवेचा अडथळा मिळून मशिनच्या क्षमतेच्या अर्ध्या टक्क्याच्या आत पाहिजे. अ‍ॅन्व्हिलमधलं अंतर ४० मिमी, त्यावर जुन्या पिसांचे कण अडकलेले नकोत. स्ट्रायकर, म्हणजे पिसाला लागणारी हॅमरची धार, २ मिमी त्रिज्येचा आहे की ८ मिमीचा, हे स्पेकशी ताडून बघा. एएसटीएमवाले ८ मिमी मागतात, आयएसओत दोन्ही चालतात, पण रिपोर्टवर केव्ही २ की केव्ही ८ लिहावं लागतं. वरच्या आकड्यांत या दोघांचे निकाल जुळतीलच असं नाही.

क्रम असा: हॅमर वर, कुलूप लागल्याचा आवाज, काटा पूर्ण स्केलवर, झोक्याच्या वाटेत कुणी नाही याची खात्री, आणि मगच पीस बाथमधून काढायचा. खाच हॅमरच्या विरुद्ध बाजूला. कॉलेजात आयझॉड ही दुसरी हॅमर टेस्ट शिकून आलेली मुलं सवयीने खाच हॅमरकडे ठेवतात. चार्पीत हॅमर खाचेच्या बरोबर मागच्या पाठीवर लागतो. खाच मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली चालत नाही. तुकडे जोरात उडतात, जाळीचं दार लावल्याशिवाय सोडायचं नाही. आणि झोका पूर्ण थांबेपर्यंत कुणीही तुकडे उचलायला वाकायचं नाही. या बाबतीत मी लॅबमध्ये मोठ्याने ओरडते.

आकडा २४० ज्यूलच्या वर गेला, म्हणजे ३०० च्या ८० टक्क्यांपुढे, तर तो नेमका आहे असं समजू नका आणि रिपोर्टमध्ये तसं नमूद करा. पीस न तुटता वाकून निघाला तर 'अनब्रोकन' लिहा. अपेक्षेपेक्षा फारच मोठा आकडा आला तर तुकड्यांच्या टोकांवर दाबल्याच्या खुणा बघा. तुकडा हॅमर आणि अ‍ॅन्व्हिलमध्ये अडकला असेल तर त्या खुणा दिसतात आणि तो आकडा मोजायचा नाही.

आता पास-फेल. समजा मागणी सरासरी २७ ज्यूलची आहे, आयएस २०६२ च्या ई २५० ग्रेडसारखी. तीन पिसांची सरासरी २७ किंवा वर हवी, फक्त एक पीस २७ च्या खाली चालतो आणि तोही ७० टक्क्यांच्या, म्हणजे १८.९ च्या खाली नको. ३४, २९, २० हा सेट पास. ६०, ४५, १८ याची सरासरी ४१ असूनही फेल. ४०, २६, २६ हाही फेल, कारण दोन पीस खाली गेले. फेल झाल्यावर आणखी तीन पीस घेता येतात, पण मग सहाही पिसांची सरासरी धरायची, सहात दोनपेक्षा जास्त २७ खाली नकोत, १८.९ च्या खाली एकच. पहिले तीन विसरून नवे तीन छापा, अशी गोड गळ घालणारे फोन येतात. फोनवर हो-नाही करत बसू नका, क्लॉज वाचून दाखवा. दुसऱ्या स्पेकमध्ये नियम थोडे वेगळे असतात, एएसएमईचं (बॉयलर आणि दाबाच्या भांड्यांचा अमेरिकन कोड) काम असेल तर तिथलाच तक्ता उघडा.

आकड्याइतकंच तुटलेल्या तोंडाकडे बघा. चकचकीत, दाणेदार, सपाट भाग ठिसूळ तुटल्याचा. राखाडी, तंतुमय, कडांना ओठ आलेला भाग चिवट तुटल्याचा. ४५ ज्यूल आले पण तोंड बहुतेक चकाकतंय, तर ते स्टील घसरणीच्या काठावर उभं आहे. पाच डिग्री आणखी खाली गेलं तर काय होईल सांगता येत नाही. अशा वेळी मी पार्टीला दोन-तीन तापमानांना पीस तोडून तापमानानुसार ऊर्जेचा पूर्ण वक्र काढायला सुचवते. खर्च वाढतो म्हणून बहुतेक जण नको म्हणतात.

लॅटरल एक्स्पान्शन, म्हणजे पीस बाजूंना किती फुगला ते, मागितलं असेल तर दोन्ही तुकडे घ्या, प्रत्येक बाजूचा जास्त फुगलेला तुकडा निवडून मोजा आणि दोन बाजूंची बेरीज करा. दोन्ही तुकडे जोडून एकत्र कॅलिपर लावणं चुकीचं. बऱ्याच ठिकाणी ०.३८ मिमी ही हद्द असते. मोजण्याआधी अ‍ॅन्व्हिलला घासून आलेली धातूची कड (बर) काढा, नाहीतर फुगवट्याऐवजी तीच मोजली जाते.

रिपोर्टवर तिन्ही आकडे वेगवेगळे द्या, नुसती सरासरी नको. पिसाचं माप, दिशा, खाचेची जागा, तापमान, मशिनची क्षमता, स्ट्रायकर, स्टँडर्ड आणि त्याचं वर्ष, सगळं.

राहिले तुकडे. गार तुकडा खोलीत आला की त्यावर दव धरतं आणि आपल्याकडच्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत तोंडावर गंज चढतो. मग इन्स्पेक्टर आल्यावर त्याला दाखवायला तांबूस डाग उरतात. तोडल्यावर लगेच कोरड्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा, हवेने उडवून वाळवा, दोन तोंडं एकमेकांवर न घासता वेगवेगळी गुंडाळा, पिशवीत सिलिका जेलची पुडी आणि हीट नंबरची चिठ्ठी टाका. पार्टीची लेखी मंजुरी येईपर्यंत पिशवी भंगारात जाऊ द्यायची नाही.